दारातला उजेड

माझे वडील, अण्णा, शहापुरातल्या एका साड्यांच्या दुकानात चाळीस वर्षं काउंटरमागं उभे होते. रंगावरून गिऱ्हाईक घोटाळ्यात पडलं, की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं असे, “ट्यूबलाईटात काय कळतंय ताई? दारात चला.” आणि साडीचा पदर हातावर घेऊन ते स्वतःच दुकानाच्या पायरीपर्यंत जात. आत जांभळी दिसलेली साडी दारात वांगी निघे. आत छान जुळलेले साडी आणि खण दारात एकमेकांशी भांडायला लागत. मालकांना ही सवय फारशी पसंत नव्हती, कारण पायरीपर्यंत गेलेलं गिऱ्हाईक कधीकधी पायरी उतरून शेजारच्या दुकानात शिरे. पण अण्णांनी ती सोडली नाही. घरी आम्हा बहिणींच्या फ्रॉकचं कापड आणलं, तरी ते आधी दारात नेऊन बघायचं, असा नियमच होता.

हे सगळं आज आठवायचं कारण मात्र नव्या जमान्यातलं आहे. माझ्या चिरंजीवांनी कॉम्प्युटरवर अण्णांचा चेहरा तयार केला आणि त्या चेहऱ्याचे डोळे काही केल्या जिवंत होईनात.

अण्णा गेले मे २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. त्यांना न्यायला गाडी आली, तेव्हा ते स्वतःच्या पायांनी सोप्यातून चालत गेले. तोंडावर मास्क होता. उंबऱ्यापाशी थांबून त्यांनी मागं वळून आईकडं पाहिलं. काही बोलले असतील, तर ते ऐकू आलं नाही. चेहरा म्हणून जे काही दिसलं, ते मास्कच्या वरचे दोन डोळे. नवव्या दिवशी फोन आला. पुढचं सगळं त्या वेळच्या नियमांप्रमाणं झालं. गुंडाळलेला देह, लांबून हात जोडणारे आम्ही दोघं-तिघं. आईला शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही. त्याबद्दल तिनं कधी कुणाला दोष दिला नाही. पण अण्णांचा फोटो मात्र तिनं भिंतीवर लावू दिला नाही. कुठलाही फोटो पुढं केला की म्हणायची, “हा नको. ह्यात ते दुसरीकडंच बघायलेत.”

आणि फोटो तरी किती होते? एक त्यांच्या लग्नातला, चौदा माणसांच्या मागं उभे असलेले, चेहरा शेंगदाण्याएवढा. एक ओळखपत्राचा, पोलिसांनी पकडून आणल्यासारखा. एक माझ्या लग्नातला, फ्लॅशमुळं चष्म्याच्या दोन्ही काचा पांढऱ्याफेक झालेल्या. बाकी मोबाईलवरचे, घाईगर्दीतले. माझ्या मावसभावानं हौसेनं त्यातला एक फोटो कुठल्याशा ॲपमध्ये घातला. त्यात अण्णा मान हलवून हसायला आणि पापण्या मिटायला लागले. आईनं दोन सेकंद बघून फोन पालथा ठेवला. परत तो विषय घरात कुणी काढला नाही.

त्यामुळं २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आलेले चिरंजीव, जे तिथं ॲनिमेशन शिकतात, “मी अण्णाआजोबांचं पोर्ट्रेट करणार” म्हणाले, तेव्हा मी फारशी खूश झाले नाही. आईला पुन्हा त्रास नको, एवढंच मनात आलं. पण तो हट्टाला पेटला होता. दहावीच्या परीक्षेच्या धामधुमीत त्यालाही आजोबांना नीट भेटता आलं नव्हतं, हे मी विसरले होते.

तो काय करत होता, ते मला आधी नीटसं कळलं नाही. मला वाटलं, कॉम्प्युटरवर ब्रशनं चित्र काढतात तसं काहीतरी. पण हे प्रकरण चित्रापेक्षा मूर्तिकामाच्या जवळचं निघालं. ब्लेंडर नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. हॉलंडच्या टॉन रोझेंडाल यांनी सुरू केलेलं आणि २००२ पासून सगळ्यांना फुकट वापरायला खुलं झालेलं. त्यात आधी मातीसारखा एक गोळा घेऊन डोकं घडवायचं. मग त्यावर कातडीचा रंग, रंध्रं, सुरकुत्या, केस. मग त्या डोक्यासमोर खोटे दिवे मांडायचे, खोटा कॅमेरा ठेवायचा आणि यंत्राला सांगायचं, आता हिशेब कर. दिव्यापासून निघालेला किरण गालावर आदळून कुठं गेला, नाकाच्या सावलीत किती शिरला, हे तो कॉम्प्युटर ठिपक्या-ठिपक्यानं मोजत बसतो. याला म्हणतात रेंडर. आमच्या लॅपटॉपला एका रेंडरला पाऊण तास लागे आणि तेवढा वेळ त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडत असे.

चौथ्या दिवशी त्यानं पहिलं रेंडर दाखवलं. मी थक्क झाले. तेच रुंद कपाळ, तीच उजव्या भुवईतली लहानपणच्या पडण्याची खूण, तेच कानाच्या पाळीवरचे केस. मी आईला हाक मारली. ती हात पुसत आली, चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, “चेहरा ह्यांचाच आहे. पण बघणारे हे नव्हेत.”

चिरंजीवांचं तोंड उतरलं. मी मराठीची प्राध्यापक. विद्यार्थी व्यक्तिचित्र लिहितात, त्यात दर तिसऱ्या वहीत ‘पाणीदार डोळे’ असतात आणि मी तिथं लाल पेनानं ‘घासून गुळगुळीत झालेला शब्द’ असा शेरा मारत आले आहे. आता माझ्यासमोर एक चेहरा होता, ज्याच्यात सगळं होतं आणि डोळे तेवढे पाणीदार नव्हते. म्हणजे नक्की काय नव्हतं? मी कुतूहलानं त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

पुढचे तीन दिवस आम्ही दोघांनी डोळ्यांचा जेवढा अभ्यास केला, तेवढा मी कुठल्या कवीचाही केला नसेल. पहिली चूक निघाली पांढऱ्या रंगात. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतोच. आरशात जाऊन बघा. तो राखाडी, किंचित गुलाबी असतो, त्यात लाल शिरा असतात, आणि वय झालेल्या माणसात तो पिवळसर होतो. शिवाय वरच्या पापणीची सावली त्यावर पडलेली असते. ती सावली नसेल, तर डोळे खोबणीत बसलेले न वाटता वरून चिकटवल्यासारखे वाटतात. दुसरी चूक आकाराची. डोळा हा साधारण चोवीस मिलिमीटरचा गोळा खरा, पण पुढं पारपटलापाशी त्याला घड्याळाच्या काचेसारखा फुगवटा असतो. बुबुळ त्या काचेच्या आत असतं आणि काचेतून प्रकाश वाकून येत असल्यामुळं बाहुली आहे त्यापेक्षा थोडी मोठी आणि थोडी पुढं दिसते. चिरंजीवांनी गुळगुळीत गोळ्यावर नुसतं बुबुळाचं चित्र डकवलं होतं. ते आता खोल झालं.

तिसरी गोष्ट सापडली, तेव्हा मला माझ्या लाल पेनाची लाज वाटली. खालच्या पापणीची कड जिथं डोळ्याला टेकते, तिथं अश्रूंची एक बारीक रेघ कायम असते. रडत नसतानाही असते. तिच्यावर उजेड चमकतो. ती रेघ आणि नाकाकडच्या कोपऱ्यातल्या गुलाबी कोंबावरची ओल नसली, तर डोळा बाहुलीचा वाटतो. म्हणजे ‘पाणीदार’ हा शब्द कुण्या कवीनं अलंकार म्हणून काढलेला नसावा. ज्या कुणी तो पहिल्यांदा वापरला, त्यानं समोरच्या माणसाच्या डोळ्यांत नुसतं नीट बघितलं असेल.

मग वयाच्या खुणा. अण्णांच्या बुबुळाच्या कडेला राखाडी कडं आलं होतं, तसं पुष्कळ वृद्धांना येतं. आईनंच ते सांगितलं. डावी पापणी उजवीपेक्षा थोडी जास्त उतरलेली होती. तीही तिनंच सांगितली. “डावा डोळा झोपाळू होता त्यांचा,” म्हणाली. चिरंजीवांनी दोन्ही डोळे आरशात धरल्यासारखे अगदी सारखे केले होते, कारण सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय आहे. एक बाजू करायची, दुसरी आपोआप होते. देवानं ती सोय वापरलेली दिसत नाही.

एवढं सगळं केलं. पुन्हा पाऊण तास गिरणी चालली. आणि खरं सांगते, परिस्थिती आणखी वाईट झाली. आधीचा चेहरा पुतळ्यासारखा होता, म्हणून चालून गेला असता. आता तो जवळजवळ माणूस झाला होता, आणि त्या ‘जवळजवळ’मुळं माझ्या अंगावर काटा आला. चिरंजीव म्हणाले, याला नाव आहे. मासाहिरो मोरी या जपानी संशोधकानं १९७० मध्ये लिहून ठेवलंय, की यंत्रमानव माणसासारखा होत जातो तसा तो आपल्याला आवडत जातो, पण अगदी माणसाच्या जवळ पोचला की एकदम खड्डा येतो आणि आपल्याला त्याची शिसारी येते. २००४ साली आलेल्या ‘द पोलर एक्स्प्रेस’ या ॲनिमेशनपटातल्या माणसांबद्दल समीक्षकांची हीच तक्रार होती, की डोळ्यांत जीव नाही. म्हणजे हॉलिवूडही त्या खड्ड्यात पडलं होतं. ऐकून माझ्या चिरंजीवांना थोडा धीर आला असावा. मला मात्र आईची काळजी वाटायला लागली. मी म्हटलं, “पुरे कर आता.” तो काही बोलला नाही.

त्याच संध्याकाळी आमचे फोटोकाका आले. गल्लीत सगळे त्यांना याच नावानं ओळखतात. त्यांचा स्टुडिओ होता. डिजिटल कॅमेरे आल्यावर तो हळूहळू बंद झाला. आता वय पंचाहत्तरीच्या पुढं, पण नजर अजून धारदार. फराळाची ताटली हातात घेऊन त्यांनी लॅपटॉपकडं बघितलं आणि विचारलं, “हा माणूस बसलाय कुठं?”

चिरंजीव म्हणाले, “बसलाय कुठं म्हणजे? काळ्या पार्श्वभूमीवर आहे काका.”

“ते दिसतंय. पण त्याच्या डोळ्यांत तीन दिवे आहेत. एक इकडं, एक तिकडं, एक मागं. घरात असतात होय रे असे दिवे?”

खरंच तसं होतं. चिरंजीवांना कॉलेजात शिकवलेली तीन दिव्यांची पद्धत त्यांनी इमानानं लावली होती. एक मुख्य दिवा, दुसरा त्याच्या सावल्या भरून काढणारा, तिसरा मागून खांद्यांची आणि केसांची कड उजळणारा. जगभर हीच रीत आहे आणि त्यात चूक काही नाही. पण त्या दिव्यांची चौकोनी प्रतिबिंबं दोन्ही डोळ्यांत पडली होती आणि नजर त्यात हरवली होती. काका सांगत होते, की स्टुडिओत दोन दिवे लावले की डोळ्यांत दोन ठिपके येत, मग प्रिंटवर बारीक ब्रशनं त्यातला एक मारून टाकावा लागे. ठिपका आलाच नसेल, तर निगेटिव्हवर त्या जागी टोकदार पेन्सिल टेकवत. निगेटिव्हवर काळं केलं, की प्रिंटमध्ये ते उजळ येतं. “एक ठिपका, घड्याळात दहा वाजता नाहीतर दोन वाजता,” ते म्हणाले. “सहा वाजता आला, तर माणूस भुतासारखा दिसतो.”

चिरंजीवांनी लगेच दोन दिवे विझवले आणि एक दहा वाजताच्या जागेवर नेला. चेहरा सुधारला. नाकाची सावली पलीकडच्या गालावर उतरली आणि त्या गालावर उजेडाचा एक लहानसा त्रिकोण उरला. रेम्ब्रांटच्या चित्रांतल्या अशा उजेडाला छायाचित्रकार त्याचंच नाव देतात. काका म्हणाले, “आता माणूस झाला.” पण आई म्हणाली, “कुणीतरी मोठा माणूस वाटतोय. पुढारी.” आणि ती आत निघून गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्या भागाला व्यक्तिचित्रणाची केवढी परंपरा! बेळगावात के. बी. कुलकर्णींसारखे चित्रकार-शिक्षक होऊन गेले. रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली शिकले. आणि आमचे शेजारी सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर. त्यांचं ते दिवा घेतलेल्या तरुणीचं जलरंगातलं चित्र कितीतरी घरांत कॅलेंडरवर असे. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात मूळ चित्र आहे, आणि पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. हळदणकरांनी त्यासाठी आपल्या मुलीलाच, गीताला, उभं केलं होतं. कोल्हापूरच्या या गीताताई उपळेकर १०२ वर्षांच्या होऊन २०१८ मध्ये गेल्या. त्या चित्रात दिव्याची ज्योत झाकणारा तळवा आतून पेटल्यासारखा लाल दिसतो. चिरंजीवांनी मला आदल्याच दिवशी समजावलं होतं, की कातडीत उजेड थोडा आत शिरतो, रक्तामांसात फिरतो आणि लालसर होऊन बाहेर येतो. हे गणित कॉम्प्युटरला झटपट करता यावं, अशी रीत संशोधकांनी २००१ मध्ये मांडली आणि पुढच्याच वर्षी ‘द टू टॉवर्स’मधल्या गॉलमच्या कातडीसाठी ते तंत्र वापरलं गेलं. हळदणकरांनी ते चाळीसच्या दशकात पाण्याच्या रंगांनी केलं होतं.

पण माझ्या डोक्यात घोळत होतं ते वेगळंच. त्या चित्रात चेहरा उजळलाय कशानं, हे आपल्याला दिसतं. उजेड कुठून आला, ते ठाऊक असतं. आमच्या अण्णांवरचा उजेड कुठून येत होता? कुठूनच नाही. अधांतरी टांगलेल्या दिव्यातून. फोटोकाकांनी पहिल्याच वाक्यात नेमकं विचारलं होतं, हा माणूस बसलाय कुठं? आणि अंथरुणात पडल्यापडल्या अण्णांचं वाक्य कानात वाजलं, ट्यूबलाईटात काय कळतंय, दारात चला.

सकाळी मी चिरंजीवांना उठवलं आणि म्हटलं, “आजोबांना सोप्यात बसव.”

आमचं शहापूरचं घर जुनं, लांबट. पुढं सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर आणि मागं परसू. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, त्यामुळं सोप्यात उजेड येतो तो फक्त गल्लीकडच्या दारातून. निवृत्त झाल्यावर अण्णा रोज सकाळी आठच्या सुमाराला दारापासून सहा फुटांवर वेताच्या खुर्चीत पेपर घेऊन बसत. दार त्यांच्या डाव्या हाताला, जरा पुढच्या अंगाला. कुणी उंबऱ्यात आलं, की पेपर न हलवता मान किंचित वळवून, चष्म्यावरून बघत. आणि म्हणत, “कोण? ये, ये.” त्यांची ती नजर आम्हा सगळ्यांच्या ओळखीची. पण ती कुठल्याही फोटोत नव्हती, कारण फोटो काढायला आलेल्याला बघून ते चष्मा नीट करून ताठ बसत.

चिरंजीवांना कल्पना एकदम पटली. ते म्हणाले, “दारातला खरा उजेडच पकडू या.” पॉल डेबेवेक नावाच्या अमेरिकन संशोधकानं १९९८ मध्ये ही रीत दाखवली होती. एखाद्या जागी चकचकीत गोळा ठेवायचा. त्या गोळ्यात भोवतालची जवळजवळ सगळी जागा दिसते. कमी-जास्त उजेडाचे त्याचे अनेक फोटो घ्यायचे. अंधारातलं टिपणारे काही, भगभगीत टिपणारे काही. ते एकत्र केले, की त्या जागेतला उजेड कुठून, किती आणि कुठल्या रंगाचा येतो, याचा नकाशा मिळतो. तो नकाशा कॉम्प्युटरमधल्या चेहऱ्याभोवती गुंडाळायचा. मग वेगळे दिवे लावायला नकोत.

पण गोळा आणायचा कुठून? आधी स्वयंपाकघरातला स्टीलचा डाव उलटा करून बघितला. त्यावर आईच्या तीस वर्षांच्या घासण्याचे चरे. शेवटी कॅम्पातल्या एका मित्राकडून नाताळच्या सजावटीतला चांदीच्या रंगाचा गोळा आला. चिरंजीवांनी तो एका काठीवर बसवला आणि काठी वेताच्या खुर्चीला बांधली. अण्णांचं डोकं जिथं येई, त्या उंचीवर.

त्या गोळ्याकडं मी वाकून बघितलं. त्यात सगळं होतं. उघडं दार वाकून उभं होतं, पलीकडं समोरच्या घराची पिवळी भिंत, खाली शहाबादी फरशी, वर तुळया. तीन वर्षं ती खुर्ची रिकामी होती. तिच्यात बसणाऱ्या माणसाला काय दिसत असेल, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. आमचा सगळ्यांचा सराव त्यांच्याकडं बघण्याचा. त्यांच्या जागेवरून कुणी बघितलंच नव्हतं.

फोटो काढायला अर्धा तास लागला. दोन-तीन बाजूंनी घ्यावे लागले, नाहीतर गोळ्यात फोटो काढणाराच दिसतो. एक रिक्षा मध्ये आली, म्हणून काही पुन्हा घेतले. “काय करायलास रे खुर्चीला?” म्हणत आई परड्यातून फिरून पुढं आली होती, आणि हा पोरखेळ बघत दाराच्या कडेला टेकून उभी राहिली. चहाचा कप हातात. आम्ही कामात होतो. तिला बाजूला हो म्हणायचं कुणालाच सुचलं नाही.

दुपारभर चिरंजीवांनी अण्णांना त्या उजेडात बसवलं. नजर सरळ होती, ती दाराकडं वळवली. सहा फुटांवरच्या माणसाकडं बघताना दोन्ही डोळे नाकाकडं थोडेसे कलतात. हिशेब केला, तर जेमतेम एकेक अंश. तेवढंही त्यानं केलं. त्याआधी दोन्ही डोळे रेल्वेच्या रुळांसारखे समांतर होते. म्हणजे आईला ते ‘दुसरीकडंच’ बघतात असं वाटे, त्यात तथ्य होतं. ते भिंतीपलीकडं, क्षितिजावर बघत होते. चष्मा नाकावर खाली ओढला. मग गिरणी सुरू केली आणि आम्ही बाहेर येऊन बसलो.

रेंडर पूर्ण झालं, तेव्हा आम्ही दोघंही काही बोललो नाही. डावा गाल दाराच्या उजेडानं निळसर उजळ होता. उजवा गाल माजघराच्या अंधारात जात होता, पण पूर्ण काळा नव्हता. समोरच्या पिवळ्या भिंतीची ऊब जबड्याच्या कडेला लागली होती. फरशीवरून उसळलेला मंद उजेड हनुवटीखाली होता. त्या सकाळपासून डोळ्यांना आम्ही वळवण्यापलीकडं काही केलं नव्हतं. तीच शीर, तीच ओली रेघ, तेच राखाडी कडं. पण आता त्यांत एक दार होतं.

चिरंजीवांनी डोळा मोठा करून दाखवला. साडेसहा फुटांचं अख्खं दार त्या डोळ्यात उणंपुरं चार मिलिमीटरचं होतं. एक उभी उजळ पट्टी, पारपटलाच्या फुगवट्यावर किंचित वाकलेली. आणि त्या पट्टीच्या कडेला एक काळपट बारीक आकृती. तो म्हणाला, “आई, ही आजी आहे.” मग जरा थांबून म्हणाला, “गोळ्याच्या फोटोत राहून गेली. काढून टाकू? एका मिनिटाचं काम आहे.”

फोटोकाका असते, तर त्यांनी ब्रश हातात घेतला असता. मी म्हटलं, “असू दे.”

आईला दाखवायचं धाडस दुसऱ्या दिवशी केलं. चांगला मोठा, खऱ्या चेहऱ्याएवढा प्रिंट काढून आणला. तिनं तो हातात घेतला, आणि काय वाटलं कोण जाणे, उठून दारात गेली. उजेडात धरून बघत राहिली. त्या पाठमोऱ्या उभ्या राहण्यात मला क्षणभर पायरीवर साडी दाखवणारे अण्णाच दिसले. बऱ्याच वेळानं ती वळली. डोळे भरले होते, पण आवाज साधा होता. म्हणाली, “दारात कोणीतरी आल्यासारखे बघायलेत.”

फोटो आता सोप्यात आहे. देवघराशेजारी लावायचा नाही आणि हार घालायचा नाही, हे तिनंच ठरवलं. फ्रेमवाल्यानं बसवलेल्या काचेवर सकाळी दाराचा उजेड पडून चेहराच दिसेनासा व्हायचा, म्हणून चार दिवसांनी काचही काढून टाकायला लावली. धूळ बसते, तर ती रोज पदरानं पुसते. डोळ्यांवरून जरा हलक्या हातानं. दारात कोण आलंय, ते आम्ही तिला अजून सांगितलेलं नाही.